जबाब वाचून दाखवला

"टेबलावर हात आपटू नका," शब्बीरभाई म्हणाले. "खरे साहेब ओरडत नाहीत. चहा मागवतात."

इन्स्पेक्टरचं काम करणारा नट हात तसाच हवेत धरून थांबला. दिग्दर्शिका रुचिता, असेल तीस-बत्तीस वर्षांची, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यासमोरून उठून जवळ आली आणि तिनं विचारलं, चहा कोणाला, संशयिताला का?

"छे. स्वतःला. समोरच्याला दोन तास नुसता वास. मग त्याला अर्धा कप द्यायचा. अर्धा कप प्यायलेला माणूस फार बोलतो."

रुचितानं लगेच वहीत लिहून घेतलं आणि शब्बीरभाई पुन्हा कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले, ताठ.

आता खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत त्यांना इतकं कोणी विचारलं नव्हतं. चौतीस वर्षं पोलिसांत गेली, त्यातली सव्वीस रायटर म्हणून. म्हणजे साहेबांनी विचारायचं, समोरच्यानं बोलायचं आणि यांनी लिहायचं. अक्षर असं की कोर्टातले शिरस्तेदार कागद हातात घेऊन म्हणत, हा शब्बीरचा. आणि हातानं एकदा लिहिलं ते डोक्यातून जात नसे. अशा दोन देणग्या असलेला माणूस, पण निवृत्तीनंतर काम काय, तर मुलगा अफान कुवेतहून फोन करील त्याची वाट बघायची आणि बिल्किसला कोथिंबीर आणून द्यायची. म्हणून मुरूडच्या बंद पडलेल्या लॉजमध्ये पिक्चरवाले आले, तळमजल्यावर त्यांनी पोलीस चौकी उभी केली आणि 'पोलिसी कामाचा जाणकार' म्हणून यांना बोलावलं, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या दिवशी तासभर आधीच जाऊन बसले होते.

पिक्चर जवळजवळ सगळा एका खोलीतला. एक अधिकारी, एक मच्छीमार, दोन दिवसांची चौकशी. कोपऱ्यात एक रायटर. रुचितानं तिसऱ्या दिवशी त्यांना गळ घातली की काका, एखादी खरी चौकशी सांगा ना. शब्बीरभाईंनी सांगितली, आणि सांगितली ती गंमत म्हणून. खाडीपल्याडच्या खारबंदरच्या दूरक्षेत्रात, म्हणजे लहानशा चौकीत, ते नव्यानं गेले होते तेव्हाची. संध्याकाळी सहाला झालेल्या एका खुनाच्या संशयावरून आणलेला एक तुकाराम म्हणून होडीवाला तांडेल, त्याला विचारलं की किनाऱ्यावर किती वाजता आलास, तर म्हणाला, 'पानी लागल्यावर आलो.' म्हणजे भरती आल्यावर. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दहा वेळा तेच. आता कागदाला पाणी कळतं का? कागदाला वेळ लागते. शेवटी यांनीच विचारलं, संध्याकाळी ना? तो म्हणाला, व्हय. साहेब म्हणाले, पाच लिही. यांनी पाच लिहिलं.

सगळे हसले होते. रुचितानं ते जसंच्या तसं पिक्चरमध्ये घातलं. जबाबाचा कागदही शब्बीरभाईंनीच लिहून दिला, तेव्हाचा, शब्दन् शब्द. त्यातली घटनेची तारीख सोळा जानेवारी दोन हजार चौदा. कलाविभागाच्या मुलांनी अलिबागच्या एका भंगारवाल्याकडून त्याच सालचं कॅलेंडर मिळवलं आणि चौकीच्या भिंतीला जानेवारीचं पान लावलं. जबाबाखाली अंगठा हवा असा नटानं हट्ट धरला, तर शब्बीरभाईंनी त्यालाही समजावलं. पोलिसांपुढच्या जबाबावर सही-अंगठा घेत नाहीत, कायदाच तसा आहे. खाली फक्त एक ओळ असते: सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. काय ती खात्री, तेवढीच.

चहाचं सांगितलं त्याच दिवशी दुपारी होडीच्या प्रसंगाचं ठरवायला कान्हा आला. कान्हा मुरूडचाच तरुण कोळी, पिक्चरला होडी तोच पुरवणार होता. रुचिता त्याला सांगत होती की तारीख सोळा, मच्छीमार होडी घेऊन खाडीत शिरतो, संध्याकाळचे पाच, सोनेरी ऊन. कान्हा ऐकता ऐकता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"ही सोळा तारीख धरलीय काय?" त्यानं विचारलं.

ती हो म्हणाली.

"मंग पाचला होडी आत येनार न्हाय. पुनव हाय. पुनवेला दुपारी बाराला भरती, सांच्याला सहाला खाडीत निसता चिखल. परत पानी लागंस्तवर आठ-नऊ व्हतील. तवर तोंडावर नांगर टाकून बसायचं."

"हे सगळ्यांना माहीत असतं?"

"आमच्यात शेंबडं पोर सांगल. रोज पाऊन तास पानी फुडं जातं."

 रुचिता वळली; तिचे डोळे चमकत होते. म्हणाली, काका, हे तर सोनं आहे. म्हणजे तो माणूस खरं बोलत होता. खून सहाला झाला आणि तो नऊपर्यंत समुद्रात होता. आणि ते चौकीत कोणालाच कळलं नाही. माझा शेवट मिळाला मला.

 शब्बीरभाई उठून भिंतीपाशी गेले, चष्मा वर केला आणि सोळाच्या चौकोनातलं ते गोल, पांढरं चांदोबाचं चित्र बघत राहिले.

त्यांचं गाव म्हसळ्याकडचं. बापाची भातगिरणी. पाणी वरून पडतं नाही तर विहिरीतून येतं, एवढंच लहानपणापासून ठाऊक. खारबंदरला बदली होऊन आले त्याला महिना झाला नव्हता. त्या सोळा तारखेच्या आधीच्या आठवड्यात ते एकदा धक्क्यावर उभे होते तेव्हा पाचच्या सुमाराला खाडी काठोकाठ होती आणि होड्या एकामागून एक आत येत होत्या. भरतीची वेळ संध्याकाळी पाच, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते तिथं. एस.टी.ला जशी ठरलेली वेळ असते तशी भरतीलाही असणार, असं ते धरून चालले होते, म्हणून साहेब 'पाच' म्हणाले तेव्हा त्यांना खटकलं नाही. कोणाला विचारलं नाही. हवालदारानं काय विचारायचं?

आणि चंद्राचं म्हणाल तर तोही ठाऊक होता. त्या साली संक्रांत आणि ईद-ए-मिलाद लागूनच आले होते, दोन दिवस बंदोबस्तात पाय मोडले होते. ईद झाल्यावर दोन दिवसांनी म्हणजे चौदावीचा चांद. सोळा तारखेला चौकीबाहेर उभं राहून त्यांनी बिल्किसला फोनवर सांगितलंही होतं, आज चांद बघ. जन्मभर रमजान आणि मोहरम चांदावर मोजणारा माणूस, आणि त्या चांदाचा पाण्याशी काही संबंध असतो हे त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

खून नारळाच्या वाडीतल्या रखवालदाराचा. आदल्या दिवशी तुकारामचं आणि त्याचं भांडण झालं होतं, वाडीतल्या नारळाला होडीचा दोर बांधला म्हणून. सहाच्या सुमाराला वाडीतून ओरडणं ऐकू आलं, सकाळी प्रेत सापडलं. होडीवर तुकारामबरोबर त्याचा मेव्हणा सदा होता, पण साहेब म्हणाले, घरचा माणूस दुसरं काय सांगणार? मोठ्या बोटी सगळ्या दूर दर्यात होत्या, बघणारं कोणी नव्हतं. तुकारामला दोन दिवस बसवून ठेवलं. मारलं नाही. झोपूही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणत होता.

तीन वर्षं तो कच्च्या कैदेत राहिला. नंतर पुरावा नाही म्हणून सुटला. पण गावात एकच गोष्ट गेली होती, की जबाबात त्यानं स्वतःच सांगितलंय, मी तेव्हा किनाऱ्यावर होतो. किती वाजता, ते कोणी विचारलं नाही. सरकारी खर्चाचा वकील घाटावरचा, त्यालाही विचारावंसं वाटलं नाही. वकिलानं कागदात फट काढून सोडवला, असं सगळे म्हणाले आणि तेच राहिलं. आतल्या तिसऱ्या वर्षी त्याची बायको नीराबाई गेली. हे सगळं शब्बीरभाईंना ठाऊक होतं, कानावर येत राहिलं होतं. वाईट वाटलं होतं, पण त्यात आपला हात आहे असं कधी वाटलं नव्हतं. आपण काय, सांगितलं ते लिहिलं.

त्यांनी रुचिताकडे तो जबाबाचा कागद मागितला. ती म्हणाली की अजून दोन दिवस तो कॅमेऱ्यापुढे लागणार आहे. "मग मी दुसरा लिहितो," ते म्हणाले आणि तिथंच, चौकीच्या खोट्या टेबलावर बसून, त्यांनी तोच जबाब पुन्हा पहिल्यापासून लिहिला. शेवटच्या ओळीशी आल्यावर हात थांबला. 'वाचून दाखविला.' त्या संध्याकाळी सगळे थकले होते, साहेबांची जीप चालू होती. ती ओळ त्यांनी सवयीनं लिहिली होती, वर्षानुवर्षं लिहीत आले होते तशी. वाचून काही दाखवलं नव्हतं.

रात्री ताटात भात तसाच. बिल्किसनं दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, सगळं. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुमच्या पोलिसांना सांगाल आता?"

"कोणाला सांगू? खटला संपला. साहेब वारले."

"मग ज्याचा जबाब हाय त्याला जाऊन सांगा," बिल्किस म्हणाली. "दुसऱ्या कोनाला सांगून तुमचा जेवन उतरायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते शूटिंगला गेले नाहीत. एस.टी.नं खाडीपर्यंत आणि तिथून छोट्या होडीनं पलीकडे. खारबंदरला उतरले तेव्हा दुपार कलत होती, बायका बांबूच्या मांडवावरचे बोंबील उलटत होत्या, आणि देवळाच्या ओट्यावर सात-आठ जुनी माणसं जाळी विणत बसली होती. ओट्यापासून चांगलं वीसेक पावलांवर, उपड्या टाकलेल्या एका निळ्या पिंपावर तुकाराम बसला होता. केस सगळे पांढरे. त्याच्याही मांडीवर जाळं होतं. जाळं सांधताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो, नाहीतर जाळं गोळा होतं. तुकारामनं ते टोक समोरच्या लोखंडी खुंटाला बांधलं होतं. एका बाजूचं झालं की तो उठे, दोर सोडे, सरकवे, पुन्हा बांधे आणि पुन्हा येऊन बसे. ओट्यावरच्यांना हे इतकं सवयीचं झालं होतं की कोणी वर बघतही नव्हतं. नीराबाई असती तर टोक तिनं धरलं असतं.

शब्बीरभाई त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. तुकारामनं ओळखलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्याचा हात थांबला नाही.

शब्बीरभाईंनी वाटेत किती तरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. ते पिंपाशेजारी वाळूत उकिडवे बसले आणि खालच्या आवाजात, तुटक तुटक, सांगून टाकलं. की तू म्हणालास पाणी लागल्यावर. मी पाच लिहिलं. ती पौर्णिमा होती. मला भरती कळत नव्हती. तुला वाचून दाखवलं असतं तर तू तिथंच सांगितलं असतंस. वाचून दाखवलं नाही. चूक माझी, साहेबांची नाही, माझी.

तुकारामनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"पाच," तो म्हणाला. एवढंच.  अकरा वर्षं त्याला हेसुद्धा ठाऊक नव्हतं की कागदावर काय लिहिलंय. कोर्टात कागद या हातातून त्या हातात जायचे, तो मागं उभा असायचा.

"आनलाय कागद?"

"आणलाय." शब्बीरभाईंनी खिशातून काढला, घडी उलगडली आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"हळू नका वाचू," तुकाराम म्हणाला. "माझ्या कानात सांगायचं असंल तर जा परत. मी कवा आलो ते मला ठाऊक हाय. त्यांना न्हाय ठाऊक." त्यानं सुईनं ओट्याकडे दाखवलं. "तिकडं वाचा."

शब्बीरभाईंनी आयुष्यभर लिहिलं होतं. चार माणसांपुढे बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.  खरंच भीती वाटली त्यांना. ही माणसं कॉलर धरतील, काय करतील, आणि धरली तर त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. पण ते उठले. पँटची वाळू झटकली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, मी शब्बीर, तुकारामचा जबाब लिहिणारा हवालदार. तो जबाब त्या वेळी कोणाला वाचून दाखवला नव्हता. आज दाखवतो.

सुया थांबल्या. मांडवाकडच्या बायकाही एक एक करून जवळ आल्या. त्यांत पाटी डोक्यावर घेऊन गोदूबाई होती, सत्तरी ओलांडलेली, मारल्या गेलेल्या रखवालदाराची शेजारीण. सुटून आलेल्या तुकारामच्या दारात पहिली थुंकली होती ती हीच.

शब्बीरभाई वाचू लागले. रायटरच्या एकसुरी आवाजात, कुठं न चढता, कुठं न उतरता.

"मी तुकाराम, वय वर्षे अठ्ठेचाळीस, धंदा मासेमारी, समक्ष विचारलेवरून जबाब देतो की, दिनांक सोळा जानेवारी दोन हजार चौदा रोजी, मी व माझा मेव्हणा सदा असे होडी घेऊन सायंकाळी पाच वाजता खाडीत येऊन किनाऱ्यास लागलो..."

"थांब," गोदूबाई म्हणाली. "तिथ कोन्ती?"

"पौष पौर्णिमा."

गोदूबाईचा अंगठा बोटांच्या पेरांवर गेला, पण मोजायची गरज नव्हती. ओट्यावरच्या एकानंही मोजलं नाही. कोणाचं तोंड उघडं राहिलं, कोणी खाडीकडे बघितलं. नारायण तांडेल, तिथला सगळ्यात वडील, यानं डोळे मिटून घेतले.

"पुनवेला पाचला," तो अगदी सावकाश म्हणाला, "आमच्यातला कोनी उडत आला तरी आत येनार न्हाय."

"त्यानं पाच सांगितलं नव्हतं," शब्बीरभाई म्हणाले. "पानी लागल्यावर, असं सांगितलं होतं. पाच माझं." मग त्यांनी उरलेलं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. "सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. हे खोटं आहे. दोन्ही खोटं आहे."

कोणी कॉलर धरली नाही. कोणी शिवीही दिली नाही, आणि ती दिली असती तर शब्बीरभाईंना बरं वाटलं असतं. गोदूबाईनं डोक्यावरची पाटी उतरवून जमिनीवर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. पिंपाकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

ओट्यावरच्या दोघांनी इकडे तिकडे सरकून मधे एका माणसाची जागा केली. एकानं हाकही मारली, तुकाराम, ये की. तुकारामनं ती जागा बघितली. मग खाली मान घालून सुईत दोरा ओवू लागला. ओवता ओवता दोनदा चुकला.

नारायण तांडेल काठी टेकत ओट्यावरून उतरला. वीस पावलं चालायला त्याला बराच वेळ लागला. तो पिंपापाशी गेला नाही, खुंटापाशी गेला. म्हाताऱ्या बोटांनी त्यानं गाठ सोडली. जुना दोर, मिठानं कडक झालेला, गाठ सुटता सुटेना. सुटली तेव्हा जाळ्याचं टोक हातात घेऊन तो तिथंच वाळूत बसला आणि त्यानं ते ताणून धरलं.

तुकारामनं मान वर केली नाही. पण त्याची सुई चालू लागली.

शब्बीरभाईंना बस किंवा जा, दोन्ही कोणी म्हटलं नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि ते धक्क्यावर जाऊन उभे राहिले. एव्हाना ओहोटीनं खाडीत चिखल उरला होता, पलीकडे नेणारी होडी आडवी पडली होती. पाणी लागेपर्यंत त्यांना थांबायचं होतं.